‘बघू’चा अर्थ

नाही म्हणायचा मला पगार मिळतो. साताऱ्याच्या एका दूध संघात संकलनाच्या ओट्यावर मी रोज सकाळी सहाला उभी असते. फॅट, पाणी, औषधांचा अंश, सगळं यंत्र मोजतं आणि दूध खराब निघालं तर लाल दिवाही तेच लावतं. पण दिव्याचं कुणी ऐकून घेत नाही. ‘‘मशीन बिघडलंय तुमचं,’’ म्हणत माणसं कॅन पुढं ढकलतात. म्हणून ‘नाही’ म्हणायला माणूस लागतो, आणि तेवढ्यासाठी माझी नोकरी या दिवसांतही टिकून आहे. अठरा वर्षांत मी ओळखीपाळखीच्या कुणाचीही भीड ठेवलेली नाही. मागं बोलताना लोक मला फटकळ म्हणतात, आणि ते खरंच आहे.

माझा धाकटा भाऊ समरजित याच्या अगदी उलट. समर म्हणजे युद्ध, आणि हा युद्ध जिंकणारा! प्रत्यक्षात स्वारी भाजीवालीला किडकी दोडकीही परत करू शकत नाही. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा,’ असं म्हणून आई हसायची. कराडच्या एका शाळेत तो प्रयोगशाळा सहायक होता. शाळेतली नको असलेली सगळी कामं त्याच्याकडं येत, आणि घरी आला की गल्लीतली. कुणाच्या झाडांना पाणी घालायचं, कुणाच्या लग्नात पंगतीला वाढायचं, कुणाच्या सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं. अकरा घरांच्या किल्ल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकत असत. लग्न राहून गेलं, कारण मुलगी बघायला जायच्या दिवशी कुणाचं तरी काम निघे. चाळिशी जवळ आली होती, आणि आईचं सगळं तोच करत होता.

आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळत राहिलं. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं हे सगळं समर करायचा. मी साताऱ्याहून महिन्यातून एखादा रविवार यायची, येताना कंदी पेढे आणायची आणि जाताना चार सूचना देऊन जायची. सातारा-कराड तासाभराचं अंतर आहे, हे इथं नोंदवून ठेवते.

त्या मार्चमध्ये शेजारच्या शिंगटे काकींच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला समर गेला. गाडी उशिरा आली. इकडं आई न्हाणीघरात पडली आणि दोन तास ओल्या फरशीवर पडून राहिली. मला कळलं तशी मी निघाले आणि दारातूनच त्याच्यावर तुटून पडले.

‘‘नाही म्हणायला काय झालं होतं तुला? जीभ झडली असती?’’

‘‘त्या म्हणाल्या गं. कसं नाही म्हणणार?’’

‘‘असं! नाही! दोन अक्षरं आहेत!’’

तो खाली मान घालून उभा राहिला. पलंगावरून आई अडखळत म्हणाली, ‘‘भीड... भिकेची बहीण.’’ मग थोडं थांबून, ‘‘स्वभावाला... औषध नाही, बाई.’’

आईच्या वेळेला नव्हतं. आता निघालं होतं.

*

पुण्यात स्वभावावर उपचार करणारं केंद्र सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टर इनामदार म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या, बोलायला साध्या. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं.

स्वभाव ही डोक्यात एका कोपऱ्यात ठेवलेली वस्तू नव्हे, असं त्या म्हणाल्या. दोन वाटा समोर असताना मेंदू बहुतेक वेळा कोणती धरतो, त्या सवयीला आपण स्वभाव म्हणतो. उसाला पाणी देताना एकाच सरीतून पाणी जात राहिलं तर ती सरी खोल होते आणि मग पाणी आपोआप तिकडंच वळतं, तसं. थोडं जन्मतः असतं, थोडं घरात घडतं, आणि तिशीनंतर फारसं बदलत नाही. निदान आपणहून बदलत नाही.

‘‘आता भिडेचं बघा. आपण कुणाला नाही म्हणणार असलो की शब्द तोंडातून निघायच्या आधी मेंदू समोरच्याचा चेहरा रंगवून बघतो. नाही म्हटल्यावर हा माणूस कसा दिसेल? रागावेल? हिरमुसेल? प्रत्येकाचा मेंदू हे करतो. बहुतेकांचं ते चित्र पाव सेकंदात पुसलं जातं. काहींचं पुसलंच जात नाही. त्या चेहऱ्याचा त्यांना खरोखर त्रास होतो, आणि तो थांबवायला ते हो म्हणून टाकतात.’’

समरच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, तळहाताला चकत्या चिकटवल्या आणि पडद्यावरच्या निरनिराळ्या चेहऱ्यांनी त्याला साठ किरकोळ विनंत्या केल्या. जरा सरकता का, तुमची छत्री देता का, अशा. उत्तराला किती वेळ लागतो, छाती किती धडधडते, हाताला किती घाम येतो यावरून भिडेचा अंक काढतात. साधारण माणसाचा तीस ते पन्नास येतो. समरचा चौऱ्याण्णव आला. तारा सैल असतील म्हणून तिथल्या मुलीनं सगळं पुन्हा केलं, तेव्हा समर तिला म्हणाला, ‘‘माझ्यामुळं तुम्हाला उगाच त्रास.’’ दुसऱ्यांदा शहाण्णव आला.

सहज म्हणून मीही टोपी घातली. माझा अकरा आला, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

उपचार असा होता. मेंदूच्या आत हरभऱ्याएवढ्या एका जागेवर आठ बाजूंनी ध्वनिलहरी एकवटायच्या. त्यानं तिथले जोड काही तास मऊ पडतात. तेवढ्या वेळात पडद्यावरच्या चेहऱ्यांना पुन्हा पुन्हा ‘नाही’ म्हणायचा सराव करायचा. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. नवी वाट तयार होते आणि त्यानंतर एकशेऐंशी दिवसांत ती पक्की होते. तोवर उलट उपचार करून माणूस पहिल्यासारखा करता येतो, पुढं नाही.

अडचण एकच होती, संमतीची. भिडस्त माणसाच्या सहीला कायदा विचारत नव्हता, कारण भिडस्त माणूस कशावरही सही करतो. उपचारानंतरच्या होकारालाही किंमत नव्हती, कारण बदललेल्या माणसाला आपला नवा स्वभाव बराच वाटणार. तेव्हा आधीच्या माणसाचाच शब्द हवा, आणि तो मनापासूनचा आहे की नाही हे ऐकायला एक यंत्र ठेवलेलं होतं. टेबलावर चपटी काळी डबी. तिथले लोक तिला ‘कान’ म्हणायचे. आवाजातला कंप, श्वास, शब्दाआधीची फट यांवरून तो खरा होकार ओळखायचा. तीनदा विचारायचा.

‘‘तुम्हाला हा उपचार करून घ्यायचा आहे का?’’

समरनं माझ्याकडं पाहिलं. ‘‘बघू,’’ तो म्हणाला.

कानावर पिवळा दिवा लागला. उत्तर समजलं नव्हतं. पुन्हा प्रश्न.

‘‘ताई एवढी लांबून घेऊन आलीय... बघू की.’’

पिवळा. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा तो नुसतं ‘‘बघू’’ म्हणाला आणि चष्मा काढून पुसत बसला.

आमच्या घरात या शब्दाचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक होता. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सहलीला पाठवता का म्हणून विचारलं की ते ‘बघू’ म्हणत आणि आम्ही दप्तर उचलून शाळेत जात असू. सायकल? बघू. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल पुन्हा विचारायची सोय नव्हती. नाही हा शब्द तोंडावर मारायचा नाही, म्हणून त्याला घातलेलं ते सोवळं होतं. आईकडं नात्यातलं कुणी काही मागायला आलं आणि ती ‘बघू’ म्हणाली की ते चहा पिऊन गुपचूप उठत.

डॉक्टरांनी माझ्यापुढं पाटी सरकवली. ‘‘असं होतं कधी कधी. शेवटी तुम्ही घरच्या. यांच्या बोलण्याचा अर्थ तुम्हाला कळणार.’’

पाटीवर एकच प्रश्न होता. या उत्तराचा घरच्या भाषेत अर्थ काय? खाली तीन रकाने. होकार. नकार. सांगता येत नाही.

मी होकारावर बोट ठेवलं. कान हिरवा झाला.

यंत्राला शंका आली होती. कायद्याला आली होती. मला शंकाही नव्हती, मला माहीत होतं. पण आईचा तो ओला झालेला पदर डोळ्यांसमोर होता. समरनं जगाला नाही म्हणायला शिकावं, मग तो सगळा वेळ आईपाशी राहील, आणि मी साताऱ्यात निर्धास्त. असा साधा हिशेब होता माझा. त्याच्या भल्यासाठी करतेय, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की प्रवासात फोनवर नवऱ्यालाही पटवून झालं.

*

सहा गुरुवार रजा टाकून मी त्याला पुण्याला नेलं. मोठा त्याग केल्यासारखं वाटायचं.

फरक दिसायला महिना लागला. एका रविवारी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि शिंगटे काकी दारात आल्या.

‘‘समर, शनिवारी आमच्या जावेला दवाखान्यात न्यायचंय. तू हायसच न्हवं?’’

‘‘नाही काकी. शनिवारी मी घरी वाचत बसणार आहे.’’

‘‘वाचत?’’

‘‘हो.’’

ना आवाज चढला, ना चेहरा पडला. काकी पायऱ्या उतरून गेल्या. मी आत पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले. पुढच्या आठवड्यात त्यानं अकराही घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून, परत केल्या. मुख्याध्यापकांना सांगितलं की स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मोजणं हे प्रयोगशाळेचं काम नाही. गल्लीत बोभाटा झाला की समरला शिंगं फुटली. मी दूध संघात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

उपचारानंतर पाचव्या महिन्यात त्यानं मला फोन करून बोलावून घेतलं.

‘‘ताई, एक तारखेपासून आईला तू सांभाळ.’’

मला वाटलं दोन-चार दिवसांचं काही असेल. तसं नव्हतं. गडचिरोलीकडं फिरती प्रयोगशाळा चालते. मोठ्या बसमध्ये सूक्ष्मदर्शक, रसायनं, दुर्बिणी घेऊन गावोगावच्या शाळांत जायचं. चार वर्षांपूर्वी त्यांनी समरला बोलावलं होतं. त्या वेळी तो त्यांना ‘बघू’ म्हणाला होता, आणि त्या परक्या माणसांनी त्याचा बरोबर अर्थ घेऊन दुसरा माणूस नेमला होता. आता पुन्हा जागा निघाली होती आणि त्यानं हो म्हणून कळवलंही होतं.

‘‘माझी नोकरी आहे. पोरीचं बारावीचं वर्ष आहे,’’ मी म्हणाले.

‘‘माहीताय मला.’’

‘‘आई तुझी कुणी नाही?’’

‘‘आहे की. तीन वर्षं होती. आता तू कर. वर्षानं मी परत करीन.’’

‘‘आणि मी नाही म्हटलं तर?’’

‘‘तर बाई ठेवू, नाहीतर दुसरं काही बघू या, बसून ठरवू. पण मी जाणार.’’

माझा तोल गेला. ‘‘हे तू बोलत नाहीयेस समर! ते पुण्याचं यंत्र बोलतंय!’’

तो खरोखर विचार करून म्हणाला, ‘‘असेल. पण आधीचा मी बोलत होतो, तेव्हा तू कुठं ऐकत होतीस?’’

*

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर इनामदारांना फोन केला. उलट उपचाराला अजून एकेचाळीस दिवस होते. पण अर्ज समरनंच करायला हवा होता, आणि तो करणार नव्हता.

‘‘दुसरा काही मार्ग?’’

‘‘एकच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मूळ संमतीत दोष होता असं सिद्ध झालं, तर कायद्यानं आम्हाला त्यांना पूर्ववत करावंच लागतं. त्यांची आत्ताची इच्छा विचारात घेता येत नाही. का? तसं काही आहे का?’’

‘‘नाही, सहज विचारलं,’’ म्हणून मी फोन ठेवला.

खरं बोलायची एवढी घाई मला आयुष्यात कधी झाली नव्हती. कागद घेऊन मी जेवणाच्या टेबलावर बसले आणि लिहिलं, ‘माझ्या भावानं दिलेल्या तिन्ही उत्तरांचा अर्थ नकार असा होता. मला तो ठाऊक असताना मी होकार नोंदवला.’ खाली सही केली. दोन ओळींत सगळं आलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. हा कागद पाठवला की मला काही शिक्षा होईल ती होवो, पण माझा जुना भाऊ परत येणार होता. किल्ल्या सांभाळणारा, आईला वळवणारा, माझ्यापुढं मान खाली घालणारा.

कागद पुन्हा वाचला आणि मला माझीच शिसारी आली. खोटं बोलले तेव्हा माझी सोय बघितली, आणि आता खरं बोलतेय तेही सोयीसाठीच. नाही पाठवला तर माझं पाप झाकलं जातं. पाठवला तर त्याचा बळी जातो. कुठल्याही बाजूनं गेलं तरी मी साळसूद राहत होते. कितीतरी दिवस तो कागद मी पर्समध्ये घेऊन हिंडले. ओट्यावर माणसांच्या तोंडावर नाही म्हणताना माझा आवाज पूर्वीसारखा लागेना.

शेवटी एका रविवारी दुपारी कराडला गेले. समर मला आईला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते शिकवत होता. ‘‘तुझा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकव. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा दुखतो तिचा. आता तिला सांग, मग उचल. न सांगता उचललं की ती घाबरते.’’ तीन वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं. माझ्या हातात आई थरथरत होती.

आईचा डोळा लागल्यावर मी त्याला बाहेर बोलावलं आणि कागद हातात दिला. त्यानं वाचला. घडी घालून परत दिला.

‘‘माहीत होतं मला,’’ तो म्हणाला. ‘‘तू बोट कुठं ठेवलंस ते समोरच्या काचेत दिसत होतं.’’

‘‘मग तेव्हा बोलला का नाहीस?’’

‘‘ताई, तीनदा बोललो होतो मी.’’

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

‘‘आणखी एक सांगतो,’’ तो म्हणाला. ‘‘सरावाला आधी शेजारपाजारचे चेहरे दाखवायचे. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यात अवघड कुणाला नाही म्हणणं? त्या दिवसापासून उरलेले तिन्ही गुरुवार पडद्यावर तुझाच फोटो होता. तू बाहेर बाकावर बसलेली असायचीस आणि आत मी तुला नाही म्हणत असायचो. पहिल्या दिवशी उलटी झाली मला.’’

मी रडायला लागले. खरंच रडले, पण रडताना एक डोळा त्याच्यावर होता. लहानपणापासून मी रडले की तो विरघळायचा. त्यानं पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला आणि परत आपल्या जागी जाऊन बसला.

‘‘मग तू सांग,’’ मी म्हणाले. ‘‘हे पाठवू का नको? तू म्हणशील तसं करते.’’

‘‘नाही.’’

‘‘पाठवू नको म्हणतोस?’’

‘‘नको नाही म्हणालो. नाही म्हणालो. हे मी ठरवणार नाही. पाठवलंस तर मी परत पूर्वीसारखा होईन, आणि पूर्वीचा मी तुला असू दे म्हणेन. नाही पाठवलंस तर मी जाईन. दोन्ही तुझ्या हातात आहे. पण ते माझ्याकडून ठरवून घेऊन तू मोकळी व्हायला बघतीयस. लोकांची कामं मी खूप केली. हे नाही करणार.’’

‘‘माफ तरी कर मला.’’

पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्याकडं तो असाच बघत असणार. सरळ, शांत, टक लावून.

‘‘नाही, ताई,’’ तो म्हणाला.

*

मी तो कागद पाठवला नाही. एकशेऐंशीवा दिवस मंगळवारी आला. त्या दिवशी मी रजेवर होते, आईला साताऱ्याला आणून दोन आठवडे झाले होते. दिवसभर फोन समोर ठेवून बसले, आणि दिवस गेला. त्याच्यासाठी गप्प राहिले असं म्हणायला मला आवडेल. पण शिक्षेची भीती नव्हतीच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माझ्या अकरा अंकांच्या मेंदूत त्या वेळी कोणती वाट धरली गेली, ते मोजणारी टोपी कुणी माझ्या डोक्यावर घातली नव्हती.

आता आईला मी वळवते. आधी सांगते, मग उचलते. सकाळच्या पाळीऐवजी दुपारची घेतलीय, पोरीचा डबा नवरा करतो. आई मला दिवसातून दोनदा तरी समर म्हणून हाक मारते आणि मी ओ देते.

समरचा फोन रोज सकाळी नऊला येतो. कुठल्या गावात आहे, मुलांना कांद्याची साल भिंगाखाली दाखवली, तिथं काय जेवला, सगळं तो आईला सांगतो. ती अडखळत चार शब्द बोलते, तोवर तो थांबतो. फोन तिच्या डाव्या हातात असतो. बोलणं झालं की ती तो माझ्याकडं द्यायला लागते. हात जड आहे तिचा, वेळ लागतो. मी हात पुसून, पुढं करून उभी असते. फोन माझ्या हातात येतो तेव्हा त्यानं तिकडून तो ठेवलेला असतो.